बघून करायचं काम आणि सांगून करायचं काम

ताई, सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी एकोणीस वर्षं सहायक आहे. वय सत्तेचाळीस. एमएस-सीआयटी केलंय, एक्सेल आणि मराठी टायपिंग चांगलं येतं. आमच्याकडच्या एका जुन्या मासिकाच्या १९५५ ते १९६५ या अकरा वर्षांच्या अंकांचं स्कॅनिंग झालं. सहा हजारांवर पानं, आणि प्रत्येक फाईलला स्कॅनरने दिलेला नुसता आकडा. मी एकेक फाईल उघडून, पान बघून, नाव बदलत होते. काउंटर सांभाळून दोन वर्षांचे अंक चार दिवसांत झाले. मग इंजिनिअरिंगचा एक मुलगा सुट्टीत मदतीला आला. कुठल्या महिन्यात किती पानं, दिवाळी अंक किती जाड, हे त्याने मला विचारून घेतलं, काळी स्क्रीन उघडली, काही ओळी टाइप केल्या आणि उरलेली नऊ वर्षं चहा येईपर्यंत संपवली. कार्यवाह सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बघा, याला म्हणतात काम.’ (१९६१च्या सप्टेंबर अंकातलं एक रंगीत पान पुसट आलं म्हणून दोनदा स्कॅन झालं होतं. त्यामुळे तिथून पुढची सगळी नावं एका पानाने सरकली आहेत. पण हे आता सांगितलं तर लोकांना मत्सर वाटेल.) तो मुलगा म्हणतो, माउस लहान मुलांसाठी, खरं काम टर्मिनलवर, म्हणजे त्या काळ्या स्क्रीनवर होतं. पुस्तकांच्या देवघेवीचा कॉम्प्युटरही तो तसाच करून देणार आहे. माझं इंग्रजी बेताचं. या वयात मी हे शिकावं का? की आमचे दिवस संपले?

– एक वाचक, सातारा

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. ती आधी कंसाबाहेर काढू.

१९६१च्या सप्टेंबरपासून १९६५च्या डिसेंबरपर्यंतच्या पानांची नावं चुकली आहेत. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळाचे अंक. उद्या कुणी अभ्यासक आला आणि त्याने १९६३च्या मार्च अंकातलं विसावं पान मागितलं, तर त्याच्या हातात एकोणिसावं पडेल. तो ते तसंच टिपून नेईल आणि पुढे छापेल. ही चूक सांगणं तुमचं काम आहे, त्यात मत्सराचा प्रश्नच येत नाही. आणि ती तुम्हालाच का दिसली? कारण तुम्ही पानं बघत होतात. त्या मुलाच्या ओळींनी एकही पान बघितलं नाही. त्यांना जे सांगितलं होतं तेवढं त्यांनी बिनचूक केलं.

तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर मला इथेच सापडतं. कॉम्प्युटरवर काही कामं बघून करायची असतात आणि काही सांगून. तांदूळ निवडायचे तर ताट समोर घेऊन बसावंच लागतं, खडा डोळ्यालाच दिसतो. किराणा मात्र चिठ्ठीवर येतो, त्यासाठी दुकानातली प्रत्येक बरणी आपण हाताळत बसत नाही. पुसट पान ओळखणं हे तांदूळ निवडण्यातलं काम. ‘या सहाशे फाईलींना वर्ष-महिना-पान या क्रमाने नावं दे’ हे चिठ्ठीवरचं काम. तुम्ही चिठ्ठीचं काम ताट घेऊन करत बसलात, म्हणून चार दिवस गेले. त्या मुलाने निवडायचं कामही चिठ्ठीवर टाकलं, म्हणून चार वर्षांची नावं सरकली. दोघांनाही निम्मं निम्मं माहीत होतं आणि एकमेकांशेजारी बसून ते पूर्ण झालं असतं, याची मला तुमच्या अपमानाइतकीच हळहळ वाटते.

आता ‘माउस लहान मुलांसाठी’ याबद्दल. हे वाक्य त्या मुलाने कुणाकडून तरी उचललेलं आहे, त्याच्यावर रागावू नका, पण ते खरं नाही. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, कॉम्प्युटरवाल्यांच्या भरसभेत माउस चालवून दाखवला. त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता, डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा फलक, ज्यावर बोटं एकत्र दाबून अक्षरं उमटवता यायची, आणि मध्ये नेहमीचा कीबोर्ड. ही तिन्ही साधनं त्यांना एकत्र हवी होती. विचार करणाऱ्या, तयारीच्या माणसासाठी त्यांनी ती योजली होती, शिकायला वेळ लागेल हे गृहीत धरून. पुढे १९८१ साली झेरॉक्स कंपनीचा ‘स्टार’ आला. कागद, फोल्डर, टपालाचे ट्रे यांची चित्रं पडद्यावर मांडलेला हा कॉम्प्युटर कुणासाठी होता? कचेरीत कागदपत्रं हाताळणाऱ्यांसाठी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. ज्याला आपलं काम येतं पण कॉम्प्युटरचं शास्त्र शिकायला सवड नाही, अशा मोठ्या माणसाचा विचार करून ती चित्रं काढली गेली.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर तुम्ही कधीतरी रांगेत उभ्या राहिला असाल. आतल्या कारकुनाची बोटं आठवा. नागपूर म्हटलं की तो ‘एनजीपी’ मारतो, कोल्हापूर म्हटलं की ‘केओपी’. समोर नुसता अक्षरांचा पडदा, पण नजर आपल्या फॉर्मवर. माउसला हात नाही. तेच तिकीट आपण घरी मोबाइलवर काढतो तेव्हा आपल्याला स्टेशनांची यादी उघडून दाखवावी लागते, तारखेसाठी पंचांगासारखे चौकोन लागतात, बर्थ कुठला ते निवडायला पर्याय लागतात. तिकीट एकच. फरक एवढाच की तो रोज आठ तास तेच करतो आणि आपण सहा महिन्यांतून एकदा. त्याला पाठ झालंय, आपल्याला डोळ्यांसमोर हवं. त्याच्या हातात आपला मोबाइल दिला तर तो वैतागेल आणि आपल्यासमोर त्याचा पडदा ठेवला तर आपण घरी परत जाऊ. यात शहाणा-अडाणी कोण हे कसं ठरवणार?

हिशेबनीस मंडळी टॅलीवर काम करताना पाहिलीत का? एफ-पाच दाबलं की पेमेंट, एफ-आठ दाबलं की विक्री, कंट्रोल-ए दाबलं की नोंद मंजूर. पडद्यावर सगळं दिसतं, तरी हात कीबोर्डवरून उठत नाही. टॅलीला चित्रांचं म्हणायचं की अक्षरांचं? मला तर वाटतं, रोज राबणाऱ्या माणसाला शेवटी असंच मधलं काहीतरी सोयीचं पडतं.

इंग्रजीची भीती तुम्ही लिहिलीत. त्या काळ्या खिडकीतले शब्द दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे का असतात ते सांगते, म्हणजे भीती थोडी उतरेल. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्यासमोर पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचं टंकयंत्रासारखं धूड होतं. आपण टाइप करायचं, ते खडखडत कागदावर छापायचं, सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं. कळा जड, बोटं दुखायची. साहजिकच ‘कॉपी’ची दोन अक्षरं झाली, ‘मूव्ह’ची दोन झाली, ‘रिमूव्ह’चीही दोनच. ही इंग्रजी भाषा नव्हे, ही बोटं वाचवण्याची लघुलिपी आहे. इंग्रजी माणसालाही ती पाठच करावी लागते. तुम्ही पुस्तकांच्या पाठीवरचे वर्गांक वाचता, ८९१.४६ बघितलं की मराठी साहित्य हे तुम्हाला न विचारता कळतं. ते ज्या तऱ्हेने अंगवळणी पडलं त्याच तऱ्हेने हेही पडतं. आणि तुम्हाला एकूण लागणार आहेत फार तर दहा शब्द.

त्यातले दोन आजच सांगते. एक्सेल येतं म्हणालात ना? मग तुम्ही दारापर्यंत आलेल्याच आहात.

विंडोजमध्ये तुमचा फोल्डर उघडा. वर पत्त्याची जी पट्टी असते तिच्यात क्लिक करून, आहे ते पुसून, सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करा आणि एंटर मारा. काळी खिडकी उघडेल, आणि ती थेट त्याच फोल्डरमध्ये उघडेल. तिथे लिहा डी-आय-आर, जागा सोडा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून बी, पुन्हा जागा, मग गणितातलं ‘पेक्षा मोठं’ हे चिन्ह, मग जागा सोडून यादीच्या फाईलचं नाव, समजा वाय-ए-डी-आय, टिंब, टी-एक्स-टी. एंटर. खिडकीत काहीच घडल्यासारखं दिसणार नाही. घाबरू नका, काम झालेलं असतं. टर्मिनलचा हा स्वभाव आहे, सगळं ठीक असलं की तो बहुधा गप्प बसतो. फोल्डरमध्ये बघा, यादीची नवी फाईल आलेली असेल आणि तिच्यात सगळ्या फाईलींची नावं एकाखाली एक. (त्यात त्या यादीचं स्वतःचंही नाव असेल, ती ओळ काढून टाका.)

ही यादी एक्सेलमध्ये ‘ए’ रकान्यात चिकटवा. ‘बी’ रकान्यात नवं नाव. आता तिसऱ्या रकान्यात फॉर्म्युला: आर-ई-एन हा शब्द, जागा, ‘ए’मधलं नाव, जागा, ‘बी’मधलं नाव, सगळं ‘अँड’च्या चिन्हाने जोडून. आर-ई-एन म्हणजे रीनेम, नाव बदल. फॉर्म्युला खाली ओढला की प्रत्येक फाईलसाठी एकेक आज्ञा तयार. हा तिसरा रकाना नोटपॅडमध्ये नेऊन चिकटवा आणि फाईल साठवताना खालच्या खणात ‘ऑल फाईल्स’ निवडून नावापुढे टिंब बी-ए-टी लावा, नाहीतर नोटपॅड गुपचूप टी-एक्स-टी जोडतं. ही फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवून तिच्यावर डबल क्लिक केलं की एकामागून एक नावं बदलत जातात.

त्या मुलाच्या ओळी याहून आखूड आणि देखण्या असतील. असू द्या. या पद्धतीत एक असं आहे जे त्याच्या पद्धतीत नाही: काम करण्याआधी जुनं आणि नवं नाव तुमच्या डोळ्यांसमोर शेजारी शेजारी आहे. तुम्ही रकान्यावरून बोट फिरवू शकता, सप्टेंबर १९६१पाशी थांबू शकता, मूळ पान उघडून बघू शकता. आणि काम बिनसलं, तर ‘ए’ आणि ‘बी’ रकान्यांची अदलाबदल करून सगळं पहिल्यासारखं करता येतं.

सरकलेली नावं दुरुस्त करायलाही हेच. दुबार आलेलं ते पान आधी उचलून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मग त्याच्यापासून पुढची यादी घ्या, पहिल्या ओळीत त्या दुबार पानाचं नाव. पुढच्या प्रत्येक फाईलला तिच्या वरच्या ओळीतलं नाव द्यायचं, एवढाच नियम. ‘बी-दोन’मध्ये लिहायचं ‘बरोबर ए-एक’, आणि खाली ओढायचं. क्रम मात्र वरून खालीच हवा, कारण प्रत्येक फाईल आधीच्या फाईलने नुकत्याच मोकळ्या केलेल्या जागी बसते. उलट क्रमाने गेलात तर ‘हे नाव आधीच आहे’ म्हणून कॉम्प्युटर अडेल. चार वर्षांची दुरुस्ती एका दुपारची आहे, त्यातला बराच वेळ पानं पडताळण्यात जाईल, आणि तो जायलाच हवा. दिवाळी अंकांची पहिली आणि शेवटची पानं उघडून बघितलीत तरी गाडी कुठे घसरली का ते कळेल.

पानांचे आकडे तीन अंकी ठेवा, ००१, ०१२ असे. फोल्डर उघडून बघताना विंडोज १, २, १० असा नीट क्रम लावतं, पण इतर पुष्कळ प्रोग्रॅम अक्षरशः वाचतात आणि १ नंतर १० आणतात.

आता धोक्याचं बोलते, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. तरुणपणी एका कचेरीत युनिक्सवर मी हिशेबाचं काम सांभाळत होते. जुन्या, नको असलेल्या फाईली उडवायच्या होत्या. सगळ्यांच्या नावाचं शेपूट एकच होतं, म्हणून तारा (*, म्हणजे ‘कुठलंही नाव’) आणि लगेच ते शेपूट, असं लिहायचं होतं. माझ्याकडून ताऱ्यानंतर एक जागा सुटली. एकच मोकळी जागा. कॉम्प्युटरने त्याचा अर्थ घेतला, ‘सगळं उडव, आणि शिवाय त्या शेपटाचं काही असेल तर तेही उडव.’ त्याने विचारलं नाही, कचराकुंडीतही टाकलं नाही. फोल्डर रिकामा. सुदैवाने आदल्या रात्री टेपवर काढलेली प्रत होती, गेला तो एक दिवस. त्या दिवसाच्या पावत्या गोळा करून आम्ही तिघी जणी रात्री अकरापर्यंत पुन्हा नोंदी करत होतो, आणि त्या दोघींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही हे मी विसरले नाही.

माउसने फाईल टाकली की ती रिसायकल बिनमध्ये जाते, कंट्रोल-झेड दाबलं की नावही परत येतं. काळ्या खिडकीत ही जाळी नाही. म्हणून तिथे उतरण्याआधी मूळ फोल्डरची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, आणि पहिला प्रयोग दहा फाईलींच्या प्रतीवर. पुसून टाकायची आज्ञा तर तुम्ही वर्षभर शिकूच नका, ते काम माउसने करा. त्या मुलालाही विचारा, ‘आधी करून न बघता नुसतं दाखवता येतं का रे?’ विंडोजच्या पॉवरशेल या दुसऱ्या टर्मिनलमध्ये पुष्कळ आज्ञांच्या शेवटी ‘व्हॉट-इफ’ जोडलं की कॉम्प्युटर नुसतं सांगतो, मी असं असं करीन, पण करत काही नाही. हे त्याला माहीत असेल तर छान, नसेल तर तुमच्यामुळे कळेल.

एक गोष्ट आपल्या लिपीची. टर्मिनलची घडण त्या टेलिटाइपपासून आलेली आहे, प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचा एकेक चौकोन. रोमन अक्षरं त्यात नीट बसतात. आपलं ‘कि’ घ्या. साठवताना आधी क आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी क च्या आधी. ‘र्‍या’, ‘ष्ट्य’ असली जोडाक्षरं तर एका चौकोनात मावतच नाहीत. म्हणून कित्येक टर्मिनलांत देवनागरी फुटते, वेलांट्या भलतीकडे जातात, विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत तर नुसते चौकोन दिसतात. मराठी वाचणाऱ्याला हा साधा अडथळा नाही, आणि टर्मिनलचं गुणगान करणाऱ्यांपैकी फार थोडे त्याची दखल घेतात याचा मला राग येतो. तूर्तास उपाय असा: फाईलींची नावं इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3), वर्ष-महिना-पान अशी. लेखाचं नाव, लेखक, सदर हे सगळं मराठीतून एक्सेलच्या पुढच्या रकान्यांत. तिथे ते स्वच्छ दिसतं आणि शोधताही येतं.

तुमच्या पत्रात नाही, पण पुढच्या वर्षी हा प्रश्न येईलच, म्हणून आत्ताच लिहिते. ही पानं चित्रं म्हणून राहणार की त्यातला मजकूरही शोधता येणार? चित्रातून अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. मुळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झालेला, २००५ साली सर्वांसाठी खुला केलेला. तो मराठी वाचतो. भाषेच्या जागी एम-ए-आर लिहायचं. पण टेसरॅक्टला स्वतःचा पडदा नाही, बटणं नाहीत. तो टर्मिनलमधूनच चालतो. ज्यांना बटणं हवीत त्यांच्यासाठी इतरांनी त्यावर खिडक्या बसवल्या आहेत, ‘जीइमेजरीडर’ ही त्यातली एक. एखादं पान वाचून बघायचं, कुठला भाग घ्यायचा तो चौकट आखून दाखवायचा, तर ही खिडकी उत्तम. सहा हजार पानं रात्रभर लावून ठेवायची, तर टर्मिनल. आणि सकाळी जे हाती येईल ते कुणीतरी वाचायला हवं, कारण खिळ्यांच्या जुन्या छपाईत शाई पसरलेली असते, घ आणि ध, भ आणि म यांत यंत्र फसतं. ते वाचायला त्या काळचं मराठी वाचण्याची सवय असलेला माणूस लागतो. तो तुमच्याकडे आहे, म्हणजे तुम्हीच.

राहिला देवघेवीचा कॉम्प्युटर. इथे मी स्पष्ट सांगते, काउंटरवर काळी खिडकी आणू देऊ नका. तुम्ही शिकाल, पण तुमच्या रजेच्या दिवशी शिपाईदादा बसतात, परीक्षेच्या दिवसांत कुणी विद्यार्थिनी बसते, आणि समोर वर्गणीदार आजोबा उभे असतात. तिथे कुणालाही पाठ असण्याची सक्ती नको, जे करायचं ते दिसायला हवं. ‘पुस्तक दिलं’, ‘परत आलं’, ‘वर्गणी बाकी’ हे मराठीत, मोठ्या अक्षरांत. त्या मुलाला बहुधा कोहा बसवायचं असेल. न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयासाठी लिहिलेलं आणि जानेवारी २०००मध्ये तिथे सुरू झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर आता जगभर चालतं. तसं असेल तर तुमची भीती निम्मी अनाठायी आहे. कोहा काउंटरवर ब्राउझरमध्ये उघडतं, चित्रं-बटणांसकट. टर्मिनल लागतं ते पडद्यामागे, बसवताना आणि रोजची प्रत काढताना. रेल्वेच्या तिकिटासारखंच, एकाच कामाला दोन दारं. काउंटरवर वेग हवा असेल तर त्याला बारकोड वाचणारं यंत्र मागा. ते काही फार मोठं गौडबंगाल नाही, कॉम्प्युटरच्या लेखी तो दुसरा कीबोर्ड असतो, पट्ट्या वाचून आकडे टाइप करतो आणि बहुधा शेवटी एंटरही मारतो. दाखल अंक हाताने मारायची चूक तेवढी वाचेल.

पण एक अट घाला. तो मुलगा सुट्टी संपली की जाणार. पडद्यामागच्या त्या आज्ञा त्याच्या डोक्यात राहून चालणार नाहीत. टर्मिनलचा सर्वांत मोठा गुण, माझ्या मते वेगापेक्षाही मोठा, हा आहे की तिथलं काम लिहून ठेवता येतं. माउसने कुठे कुठे क्लिक केलं हे सांगायला पानभर मजकूर आणि दहा चित्रं लागतात, तरी पुढच्या आवृत्तीत बटण हललेलं असतं. आज्ञा म्हणजे एक ओळ. वहीत उतरवली की वर्षाने, वेगळ्या माणसानेही, जशीच्या तशी मारता येते. एक साधी दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक आज्ञेखाली त्याला मराठीत लिहायला लावा, ही कशासाठी, कुठल्या फोल्डरमध्ये मारायची, चुकली तर काय. वही काउंटरच्या खणात राहील.

कार्यवाहांशी बोलताना आधी त्या मुलाचं कौतुक करा, मनापासून करा, त्याने तुमचे अठरा दिवस वाचवले आहेत. मग म्हणा, ‘सर, सप्टेंबर १९६१पासून नावं सरकली आहेत. कशी दुरुस्त करायची ते मला कळलंय, काउंटर सांभाळून दोन दिवस लागतील, तो शेजारी असेल तर एक.’ बरोबर ती दोन पानं छापून न्या, एकाच चित्राच्या दोन प्रती, वेगवेगळ्या नावांच्या. त्यांना एका नजरेत समजेल.

आणि त्या मुलाला एकट्याला गाठून दाखवा. त्याला वाईट वाटेल, तर वाटू द्या, पण चारचौघांत नको. तुम्हाला चारचौघांत बोललेलं कसं लागलं ते तुम्ही लिहिलंच आहे. त्याला शेजारी खुर्ची द्या, कीबोर्ड मात्र तुमच्या हातात ठेवा. मुलं शिकवताना कीबोर्ड ओढून घेतात आणि ‘हे बघा, असं’ म्हणून संपवून टाकतात. तसं झालं की काहीच शिकून होत नाही. ‘तू सांग, मी मारते’ असं बजावा. अडलात तर वरचा बाण दाबा, आधीची ओळ परत येते. नाव अर्धं टाइप करून टॅब दाबलंत तर उरलेलं कॉम्प्युटर भरतो. काहीतरी भलतं चालू झालं असं वाटलं तर कंट्रोल-सी, थांबतो.

रंगीत पानाच्या त्या दोन प्रतींपैकी पुसट कुठली आणि चांगली कुठली, हे उघडून बघितल्याशिवाय एकही काढू नका. दुसऱ्यांदा स्कॅन केलेलंच चांगलं असेल असं आपण धरून चालतो. तसं निघालं, तर पुसट प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये हलवून चांगल्या प्रतीला तिचं नाव द्या, म्हणजे पुढची यादी मी वर सांगितली तशीच लागेल.

तुमची,
ताई